मुठीचा हुकूम मागल्या चाकास पोहोचल्याची हकिकत

श्री. आधी गजाननाचे पायी मस्तक, मग ज्याणे पहिले चाक फिरविले त्या अज्ञात पुरुषास दंडवत. शके १९३१, विरोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थीस जे घडले ते यथास्थित लिहिले असे. पदरचे तिखटमीठ घातले नाही, कारण मूळ गोष्टच ऐसी अद्भुत की घालण्यास जागा उरली नाही.

एका घररूपी राज्याचे थोरले सरकार कैलासवासी होऊन बारा वर्षे लोटली होती आणि मागे त्यांच्या पत्नी उमाआऊसाहेब, वय सहासष्ट, राज्य राखीत होत्या. राज्याचे मुख्य वैभव म्हणजे सरकारांचे खाशा बैठकीची हिरवी, सहा दात्यांचे, म्हणजे मागल्या चाकावरील सहा दातेरी चकत्यांचे, गिअरची सायकल. सरकार दर मार्गशीर्ष पंचमीस तिजवर बसोन घाट चढोन डोंगरीचे देवीस जात. अखेरचे साली चतुर्थीस त्यांनी मुठीजवळील खटका चढाचे थोर दात्यावर लाविला आणि "उद्या घाट आहे, अशीच राहू द्या" म्हणोन बोलिले, आणि तो उद्या उजाडला तो सरकारांविना. मग दर साली आऊसाहेब स्वतः जाऊ लागल्या, आणि खटक्यास कोणी हात लावू नये ऐसा दंडक जाहला. सपाटीवरही सायकल त्याच दात्यावर चाले, आणि आऊसाहेब गरगर पाय मारीत असता शेजारून शेळ्या पुढे निघोन जात, परंतु हुजुरांस हे सांगणार कोण?

यंदा चतुर्थीस स्वारी चालवून पाहता साखळी आपोआप घसरली ती लहान दात्यावर ठाण मांडोन बसली. खटका वर चढाचे ठायीच, आणि त्याचा हुकूम मागल्या चाकास पोहोचेना. त्या लहान दात्यावर घाट चढणे जवानाचेही काम नव्हे. आऊसाहेबांचे चिरंजीव, धाकटे सरकार रत्नाकरराव म्हणाले, "आऊसाहेब, पुष्कळ जाहले. उद्या रिक्षाने चलावे आणि हे धूड भंगारात द्यावे." बारा वर्षे सरकारांचे वाटेने सरकारांचे सायकलीवर गेलो, ते जाणेच आता तुटले, ऐसे वाटोन आऊसाहेबांनी मकबूल मुलाणी कारागिरास बोलावणे धाडिले.

मकबूल आला आणि त्याणे खटक्याचे झाकण उघडिले. मग म्हणाला, "आऊसाहेब, हिकडं या. बघा तरी." आत गिअरची तार, एकोणीस बारीक तारा वळोन केलेली, आणि त्यांतील अठरा तुटोन गंजोन काट्यांसारख्या उभ्या, आणि एक मात्र शाबूत, तीही ताणून लांबलेली. "गेल्या साली घाट चढवला त्यो बहुतेक हिनं एकलीनंच," मकबूल म्हणाला. आऊसाहेबांनी आपसूक हात जोडिले. केसाएवढी ती तार, आणि तिजवर सारे राज्य डोंगर चढले!

"ऐसी गत कशाने जाहली?" आऊसाहेबांनी पुसिले.

"सारखी ताणून ठिवली न्हवं. बारा वर्सं तिला इसावा न्हाई. आता खटका पार खाली सोडा. सैल सोडल्याबिगर जुनी भाइर येत न्हाई, न् नवी आत जात न्हाई."

"तो सरकारांनी लाविला आहे. सुटणार नाही."

मकबूलने पक्कड खाली ठेविली आणि हळू बोलिला, "सरकार उद्या घाट हाय म्हनालं हुतं, आऊसाहेब. कायमचं न्हाई म्हनालं."

आऊसाहेबांनी मुठीजवळील खटक्यास अंगठा टेकिला. टक्, टक्, टक्, टक्, टक्. पाच आवाज जाहले, आणि प्रत्येकास त्यांचे डोळे भरोन आले.

मग जुनी तार निघाली, तारेच्या नळ्या नव्या बसल्या, तेलाचा थेंब पडला आणि नवी तार मुठीतून शिरोन मागे जाऊन प्रगटली, आणि मकबूलने ती ओढोन नट आवळिला, उरले टोक तोडोन त्यास टोपी चढविली. मग चाक फिरवीत साखळीचा आवाज ऐकोन तार ताणण्याचा आटा पाव पाव फिरविला, तो खरखर बंद पडली. आऊसाहेबांनी खटका दाबिला मात्र, आणि साखळी निमूट उठोन पुढील दात्यावर गेली. "पोहोचला!" ऐसे त्या लेकराप्रमाणे ओरडल्या.

पंचमीस स्वारी निघाली आणि धाकटे सरकार मागोमाग रिक्षात. सपाटीस आऊसाहेबांनी लहान दाते घेतले तो शेळ्या मागे पडल्या, घाटास थोर दाते घेतले तो चढ पायाखाली नमला, आणि वर पोहोचोन त्यांनी जुनी तार कंकणासारखी वळोन देवीपुढे ठेविली. सांजेस परत येता धाकटे सरकार आपण होऊन सायकल धरोन उभे राहिले आणि नम्रपणे पुसिते जाहले, "आऊसाहेब, चढाचे दात्यावर ठेवू ना?"

"नको," आऊसाहेब म्हणाल्या. "घाट जाहला." आणि आपल्या हाताने खटका शेवटपावेतो सैल केला.

येणेप्रमाणे एक तार उतरली, एक चढली, आणि थोरल्या सरकारांचा हुकूम बारा वर्षांनी पुरा जाहला. लेखनसीमा.