तहानलेली गाडी

रविवारी हसनाबादला मुलगी बघायला जायचं होतं आणि कल्याणची पांढरी गाडी मातीच्या रंगाची झाली होती. मागच्या काचेवर कुणीतरी बोटाने 'धुवा' असं लिहून ठेवलं होतं. तेही आता धुळीने बुजत आलं होतं.

कल्याण राजूरला विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचा. वय चौतीस, आणि आतापर्यंत पाच ठिकाणांहून नकार. शेती थोडी, नोकरी नाही, ही कारणं त्याला तोंडपाठ झाली होती. पण या सहाव्या ठिकाणाची गोष्ट निराळी होती. थंडीत हसनाबादच्या अंगदरावांच्या विहिरीवर मोटार बसवताना दिवस मावळला, तेव्हा त्यांची सत्यशीला तासभर बॅटरी धरून उभी राहिली होती. तिचा हात एकदाही हलला नाही. तेव्हापासून कल्याणला दुसरी कुणी नको होती. आपल्याकडे दाखवण्यासारखं फारसं काही नाही, निदान गाडी तरी चकचकीत दिसावी, एवढीच त्याची धडपड होती.

मोबाइलवर शहरातल्या एका माणसाने अर्ध्या बादलीत गाडी धुऊन दाखवली होती. उषाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, हे शांतपणे ऐकून घेतलं. गल्लीत टँकर आठव्या दिवशी यायचा आणि घरातल्या थेंबाथेंबाचा हिशोब त्यांच्याकडे असायचा.

"अर्ध्या बादलीत आपल्या दोघांची आंघोळ होती," त्या म्हणाल्या आणि त्यांनी एक तांब्या दिला. तोही गळ्यापर्यंतच भरलेला.

मंगळवारी उजाडता उजाडता कल्याण कामाला लागला. ऊन चढलं की पाणी फडक्यावरच वाळतं. त्याने वडिलांच्या जुन्या धोतराचं फडकं ओलं करून पिळलं आणि टपापासून सुरुवात केली. गल्लीत पान हलत नव्हतं. एरवी त्या वेळेला कोंबडे आरवायचे, त्या दिवशी तेही गप्प होते. बॉनेटवर रेलून त्याने जोर लावला, गाडी थोडी हलली, आणि मागून आवाज आला. गुड, गुड, गुड. कुणीतरी घाईघाईने, श्वास न घेता पाणी पीत असावं तसा.

तो थांबला. आवाजही थांबला. त्याने मागे जाऊन काचेला डोळा लावला. सीटवर कुणी नव्हतं. डिकी तर गाडी जुनी घेतली तेव्हापासून लागलेलीच होती, ती कधी उघडलीच नव्हती. त्याने पुन्हा फडकं लावलं आणि पुन्हा तोच आवाज आला. गणपतीचं नाव घेत, चार बोटांनी पाणी शिंपडत त्याने गाडीभोवती कसेबसे तीन वेढे मारून काम आटोपलं.

समोरच्या गच्चीवरून किराणा दुकानवाल्या भगवतीदेवी हे सगळं बघत होत्या. तांब्या, पुटपुटणं, शिंपडणं आणि तीन वेढे. यातून दुसरा कसला अर्थ निघणार? त्या खाली आल्या. कल्याणने सगळं खरं खरं सांगून टाकलं, आणि तिथेच त्याचं चुकलं. एकदा सांगितलेली गोष्ट त्यांच्या दुकानात कधी पडून राहत नसे.

"कल्याणभाऊ, कोणीतरी प्यासा बसलाय त्याच्यात," त्या हळूच म्हणाल्या. "पाण्यावाचून गेलेला दिसतोय. त्याला पाजल्याशिवाय तो उतरणार न्हाई."

संध्याकाळी त्यांनी गाडीपुढे काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला. सकाळी तो रिकामा होता. कुत्र्याने पाडला म्हणावं तर तो सरळ उभा होता आणि खालची माती कोरडी होती.

मग गल्लीला राहवेना. बुधवारी चार तांबे आले, गुरुवारी सात, शुक्रवारी अकरा. प्रत्येकाने आपापल्या भांड्यावर नाव घातलेलं होतं, त्यामुळे सकाळी अदलाबदल व्हायची नाही. ज्या घरांनी उन्हाळाभर कुणाला पेलाभर पाणी उसनं दिलं नव्हतं, त्या घरांतून गाडीसाठी पाणी येत होतं. रोज सकाळी सगळे तांबे ओळीत, रिकामे आणि आतून कोरडे. बायका लांबूनच हात जोडायच्या. कल्याणला भीती वाटायची आणि त्याहून जास्त राग यायचा. गाडीत बसलेल्याला अकरा तांबे आणि गाडी धुणाऱ्याला एक.

शनिवारी अंगदरावांचा फोन आला. बातमी हसनाबादला पोचली होती. उद्या यायचं तर ती गाडी घेऊनच या, म्हणाले, आम्ही डोळ्यांनी बघू. "तसलं काही असंल तर पोरगी द्यायचा विषयच न्हाई. राग मानू नका." कल्याणने त्या रात्री जेवण केलं नाही. सहावा नकार आला तर त्याचं काय होईल, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

हसनाबादला वाड्यापुढे दहा-बारा माणसं उभीच होती. कल्याणने ब्रेक दाबला आणि सगळ्यांच्या देखत मागून आवाज आला. गुड, गुड, गुड. माणसं चार पावलं मागे सरली. अंगदरावांनी कपाळावरचा घाम पुसला आणि ते नकार कुठून सुरू करावा याचा विचार करू लागले.

सत्यशीला पाहुण्यांसाठी पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आली होती. तिने ट्रे ओट्यावर ठेवला, गाडीच्या मागे गेली आणि वाकून खाली बघितलं. डिकीखालून एक थेंब पडत होता.

"डिकी उघडा," ती म्हणाली.

"ती उघडत न्हाई," कल्याण म्हणाला.

उषाबाई इतका वेळ गाडीतच बसून होत्या. त्या उतरल्या, खांद्यावरच्या पिशवीतून त्यांनी घरचं उलथनं काढलं आणि कुलपाच्या फटीत घालून एकदाच फिरवलं. डिकी उघडली. आत गोधडीत गुंडाळलेले वीस-वीस लिटरचे दोन कॅन होते.

"गल्लीत एकाला दिलं की समद्यांला द्यावं लागतं," त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या. "म्हणून इथं ठेवून राह्यले. घरात तर सगळे डोकावून जातात."

कल्याणला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग सत्यशीलाने विचारलं, "तुमच्याकडं टँकर किती दिवसांनी येतो?"

"आठ," कल्याण म्हणाला.

"मंग चाळीस लिटर कमीच हायेत," ती म्हणाली आणि ट्रे उचलून आत गेली. जाताना हसली, ते फक्त कल्याणला दिसलं.

अंगदरावांनी कॅनकडे बघितलं, मुलीच्या पाठीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "विहीणबाई," ते म्हणाले, "कॅन आता इथंच राहू द्या. विहीर आटली, आमच्याकडं तर टँकर दहाव्या दिवशी येतो."

उषाबाईंना 'विहीणबाई' ऐकून आनंद झाला आणि पुढचं ऐकून त्यांनी निदान गोधडी तरी काढून घेतली. कल्याणने स्वतः कॅन उतरवले आणि डिकी धोतराच्या फडक्याने कोरडी पुसून घेतली.

परतताना चारची वेळ होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कल्याणला मात्र गाणं म्हणावंसं वाटत होतं.

"आई, आता खरं सांग. गल्लीतले तांबे तूच पहाटे कॅनमंदी ओतत होतीस ना?"

"मी?" उषाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. "मेलेल्याच्या नावानं ठेवलेल्या पाण्याला कोण हात लावंल? मला वाटलं, तूच गाडीला वापरून राह्यलास."

"मी तर तुझ्याच तांब्यात धुतली."

राजूरच्या अलीकडे गतिरोधक आला. गाडी वर चढली, खाली उतरली, आणि रिकाम्या गाडीत मागून आवाज आला. गुड, गुड, गुड.

कल्याणने आरशात बघितलं नाही. उषाबाईंनी पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली उचलली, तिचं टोपण काढलं आणि मागे न वळता, हात लांब करून ती मागच्या सीटवर टेकवली.

"सावकाश," त्या म्हणाल्या.

कल्याणने गाडी हळू केली, पण त्या त्याच्याशी बोलत नव्हत्या.