एक जूनचे गुरुजी

आमच्या औंढ्यात एक जूनला जन्मलेली माणसं मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. यातल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख एकाच माणसाने ठरवली आहे, आणि तो माणूस माझ्या शेजारी राहतो. दिगंबर गुरुजी.

गुरुजी पहिलीच्या वर्गाचे. शाळेत नाव घालायला आई पोराला ओढत आणायची. जन्मतारीख विचारली की ती पदर तोंडाला लावून हसायची. मग गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. कान हाती आला की पोरगं सहा वर्षांचं आणि तारीख एक जून. तेव्हा सगळ्याच गुरुजींची ही रीत होती. बाकीच्यांनी निवृत्तीनंतर प्लॉट घेतले, आमच्या गुरुजींना पश्चात्ताप झाला.

त्यांच्या ओट्यावर शाळेतून बाद झालेला एक फळा टांगलेला आहे. रोज सकाळी त्यावर दिनविशेष लिहिला जातो. वर जगाचा, खाली गावाचा, आणि दोन्हीकडे अक्षर सारखंच मोठं. ‘आज माणूस चंद्रावर उतरला.’ त्याखाली, ‘आज पांडू टेलरचा जन्म झाला.’ त्या दिवशी पांडूने एकही शर्ट शिवला नाही. गिऱ्हाइकांना हाताला धरधरून तो फळा दाखवत होता.

गावातल्या या खऱ्या तारखा गुरुजी स्वतः शोधून काढतात. “पुरावा लागतो, पुरावा!” हे त्यांचं पालुपद. माझ्या तारखेसाठी त्यांनी आईची उलटतपासणी घेतली होती.

“पाऊस हुता का, माय?”

“लई.”

“पोळा झाला हुता का व्हायचा हुता?”

“बैलाच्या शिंगाचा रंग बी वाळला नव्हता, गुरुजी.”

“बराबर! पोळ्याचा दुसरा दिवस!”

लगेच ट्रंकेतून त्या सालचं पंचांग निघालं आणि मी बसल्या जागी तीन महिन्यांनी तरुण झालो. माझी चाळिशी उलटल्यावर त्या वर्षी आईने मला पहिल्यांदा खऱ्या दिवशी ओवाळलं.

फळ्याची सगळ्यात खालची ओळ मात्र कायम कोरी. एकदा मी तिथे माझ्या मेडिकल दुकानाची जाहिरात लिहिली, ‘बीपी फुकट तपासून मिळेल’. गुरुजींनी ती पुसली आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र बीपी तपासायला आले. ते वाढलेलं होतं.

मागच्या महिन्यात एका सकाळी ते दुकानात आले. “गाडी काढ. सिद्धेश्वरला जायचं हाय.”

“काहून?”

“तुझ्या काकूची मावशी तिथं ऱ्हाते. साऱ्या गावाच्या तारखा काढल्या अन् घरचीच ऱ्हाऊन गेली.”

कौसाकाकू म्हणजे गुरुजींची बायको. त्यांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. आधार कार्डावर त्यांची तारीख एक जानेवारी. आईवडील, भाऊ, सगळे गेले. त्यांचा जन्म पाहिलेलं माणूस म्हणजे ही एकटी मावशी. कोरी ओळ कोणासाठी होती ते मला तेव्हा कळलं आणि त्या जाहिरातीची लाज वाटली.

मावशी बाजेवर पडून होती. गुरुजींनी वही उघडली. “मावशी, आमची कौसा कव्हा झाली? पाऊस हुता का? खळं चालू हुतं का?”

मावशीने डोळे मिटले. “जवाई, लई रडकं लेकरू हुतं ते.”

“ते ठाऊक हाय. दिवस कोणता?”

“दिवस न्हाई बाबा ध्यानात. पण माज्या मांडीवर टाकलं का गप व्हायची.”

गुरुजींनी तेवढंच वहीत लिहून घेतलं. येताना सिद्धेश्वरच्या धरणाजवळ वारा सुटला होता. मागे बसलेल्या गुरुजींनी वही छातीशी धरली होती.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायला निघालो, तर खालची ओळ भरलेली. ‘आज कौसल्याबाईंचा वाढदिवस (असू शकतो).’

काकू ओटा झाडत होत्या. “काय खरडलं रे यायनं?”

मी वाचून दाखवलं. “येडं झालं म्हातारं,” म्हणत काकू लगबगीने आत गेल्या. थोड्या वेळाने शिऱ्याचा वास आला.

पुढच्या सकाळी पुन्हा तीच ओळ. तिसऱ्या दिवशीही तीच. मला राहवेना. “गुरुजी, रोज कसा वाढदिवस? पुरावा?”

गुरुजी हात झटकत म्हणाले, “वर्षभर लिवलं का एक दिवस तर बराबर येईनच की न्हाई?”

आता रोज सकाळी ओटा झाडून झाला की काकू मला हाक मारतात. “वाच रे. आज हाय का माझा?”

“हाय, काकू,” मी म्हणतो.

कंसातलं मी वाचत नाही.