तिसरी ‘ब’च्या दारातला बांध

पदाजी व्हरांड्यातून चालत आला की तिसरी ‘ब’च्या दारापाशी थांबायचा, पायजमा चिमटीत धरून वर उचलायचा आणि एक लांब ढांग टाकून पुढे जायचा. फरशी सपाट. खाली ना पाणी, ना पायरी. हातात चहाची किटली असली तरी ढांग चुकायची नाही आणि चहाही सांडायचा नाही.

पदाजी आमच्या शाळेचा शिपाई. मी लग्न होऊन गिरगावातल्या चाळीतून खाडीपलीकडच्या या नव्या शहरात आलेली, तिसरी ‘ब’ची बाई. सत्तरचं दशक संपत आलं होतं. इमारती नव्या, रस्ते नवे, झाडं गुडघ्याएवढी. पहिल्याच आठवड्यात मी त्याला विचारलं, “पदाजी, ही उडी कसली हो?”

“बांध हाय ना, बाई. माज्या शेताचा. बापानं घातलेला. बांधावर पाय देव नये.”

त्याची जमीन सरकारने घेतली, तिच्यावर शाळा उभी राहिली आणि तिथेच तो शिपाई झाला. हे सगळं मी स्टाफरूममध्ये साभिनय सांगितलं. साडी उचलून ढांगही टाकून दाखवली. सगळे पोट धरधरून हसले. सर्वांत जास्त मी.

त्याच्या तऱ्हा काय एक होत्या! नोटीस घेऊन वर्गावर आला की सही होईपर्यंत न विचारता सांगायचा, “आज भरती दोनला. उधान हाय.” भरतीशी आमचं काय देणंघेणं? आमचे नळ कधी येतात ते सांग म्हणावं. नकाशा तर त्याला नात्यागोत्यानेच कळायचा. मी भिंतीवर नकाशा टांगला की बोट ठेवायचा, “ही तलवली, हितं बहीन दिलीय. आन् ही खाली जासई, माजी सासुरवारी.” उत्तर-दक्षिण विचारली तर म्हणायचा, “सासुरवारी कंदी उत्तरंला असतंय काय?”

तिसरीला भूगोलात ‘आपला तालुका’ शिकवायचा होता. माझा तालुका बस थांब्यापासून शाळेपर्यंत. मुख्य पीक भात, म्हणून मी रेशनचे तांदूळ बरणीत घालून नेले. एका मुलाने विचारलं, “बाई, याचं झाड केवढं असतं?”

“मध्यम,” मी म्हणाले.

दारात नोटीस घेऊन उभा असलेला पदाजी अस्वस्थ झाला. “बाई, मना दोन मिंटा द्या. पोरान्ना दाखवतो. लांब नाय, हितंच.”

“पदाजी, तपासणी तोंडावर आलीय. उगाच ताप देऊ नका.”

तो “बरा” म्हणाला आणि बांध ओलांडून निघून गेला. मी मुलांना लिहून दिलं, ‘आपल्या शाळेच्या जागी पूर्वी ओसाड दलदल होती.’ हे वाक्य कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ते माझ्याच डोक्यात होतं.

चाचणीत हाच प्रश्न घातला. सगळ्या पेपरांत तीच ओसाड दलदल. एकीच्याच पेपरात नाही. पदाजीची नात चांगुणा माझ्याच वर्गात होती. तिने लिहिलं होतं, ‘इथे आमचे भाताचे शेत होते. खाडीचे पाणी आत आले तर शेत मरते. म्हणून बांध फुटला की सारा गाव धावत यायचा. आजोबा त्या भोकात आडवे झोपायचे आणि माणसे त्यांच्या पाठीमागे चिखल भरायची.’

मी वर लाल फुली मारली. दोनपैकी शून्य.

दुसऱ्या दिवशी पदाजी पेपराची घडी घेऊन आला. हा भांडणार, असं धरून मी पदर खोचून तयार होते. अभ्यासक्रम, शिस्त, सगळं तोंडपाठ करून ठेवलं होतं.

तो हात जोडून म्हणाला, “बाई, चूक माजी हाय. मीच तिला सांगला तसा. पोरीला बोलू नका. आता तुमी सांगाल तसाच लिवल ती.”

पेपर टेबलावर ठेवून तो निघाला. सवयीने मी दाराकडे पाहिलं. तो थांबला नाही. पायजमा उचलला नाही. घरातल्या ओसरीवरून जावं तसा सरळ चालत बांध तुडवून गेला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाल फुली खोडून दोनपैकी दोन केले, पण त्याने काय होणार होतं? ज्या बांधाच्या भोकात हा माणूस आडवा पडला होता, तो मी एका ओळीत बुजवून टाकला होता.

सकाळी प्रार्थनेनंतर मी वर्गाची रांग व्हरांड्यातून आणली. दारापाशी थांबले, साडी चिमटीत धरली आणि लांब ढांग टाकली. मुलं बघत राहिली. एकही हसलं नाही, तेव्हा मला स्टाफरूममधलं माझं हसू आठवलं.

पदाजी घंटेखाली हातोडा धरून उभा होता. हातोडा घेऊनच तो दारापाशी आला. मग पुढे बोट दाखवत सावकाश म्हणाला, “बाई, बांध तितं नाय. दोन पावलां पुरं.”

वर्षभर मी ती ढांग रोज बघत होते. तिची नक्कल करून टाळ्या घेतल्या होत्या. आणि बांध नेमका कुठे आहे, ते एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

“मग तुम्हीच दाखवा, पदाजीकाका,” मी म्हणाले.

त्याने हातोडा माझ्या हातात दिला आणि पायजमा उचलला. त्याच्या मागे चांगुणा, तिच्या मागे सगळा वर्ग. मी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.