एवारिस्तोची सावली

सकाळी गच्चीवर गेलेल्या झुल्मीराचा आवाज तिसऱ्या गल्लीपर्यंत पोहोचला. उल्का टिपणाऱ्या तिच्या कॅमेऱ्यावर कुणीतरी बादली उपडी घातली होती.

"आनाक्लेतो!"

तिचा नवरा खाली कॉफी गाळत होता. "अगं, काल पाऊस येईलसं वाटलं."

"कॅमेऱ्यावर काचेचा घुमट आहे! पावसात राहण्यासाठीच बनवलाय तो!"

"मग पक्षी," आनाक्लेतो म्हणाला. "पक्षी घाण करतात."

भूगोलाच्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यापासून झुल्मीरा हौशी उल्कानिरीक्षकांच्या गटात होती. राज्यभर प्रत्येकाच्या छपरावर एक कॅमेरा. आकाशातून काही जळत आलं की सगळ्यांची चित्रं जुळवायची आणि ते कुठून आलं, कुठे पडलं हे शोधायचं. वर्षानुवर्षं तिच्या कॅमेऱ्याने काजवे, विमानं आणि केसाएवढ्या रेघा टिपल्या होत्या. आणि काल, अंधार पडल्यावर, गल्लीत दिवस उजाडावा असा अग्निगोल गावाजवळून गेला, तेव्हा झुल्मीरा चर्चमध्ये होती आणि कॅमेरा बादलीखाली.

गटातल्या लोकांचे फोन येऊ लागले. दोन कॅमेऱ्यांनी अग्निगोल टिपला होता, पण दोन्ही जवळजवळ त्याच्याच वाटेच्या रेषेत. बाजूने पाहणारा एकच होता, तिचा. तेवढा मिळाला तर दगड कुठे पडला ते कळेल.

"माझ्या कॅमेऱ्याने काय टिपलं सांगू?" ती फोनवर म्हणाली. "बादलीचा तळ!"

फोन आपटून ती तशीच चपला सरकवून समोरच्या औषधांच्या दुकानात गेली. नेयजीच्या दुकानाचा कॅमेरा रस्त्यावर रोखलेला असे.

"कालचा व्हिडिओ दाखव."

नेयजीने सकाळीच तो पाहिला होता. "दोना झुल्मीरा, तो... खराब झालाय."

"सगळा?"

"तुमच्यापुरता."

झुल्मीरा काउंटरच्या आत घुसली.

व्हिडिओत आकाश नव्हतंच. होती तिच्या घराची पांढरी भिंत, अंगणाचं कुंपण आणि काळोख. एकाएकी सगळं लख्ख झालं, आणि त्या उजेडात कुंपणावर उभा दिसला शेजारचा एवारिस्तो. एका हातात परात, दुसरा हात तिच्या झाबुतिकाबाच्या झाडात. खोडालाच लगडलेली ती काळीभोर फळं झुल्मीराने मुरंब्यासाठी राखली होती. पलीकडून कुणीतरी शिडी धरली होती. माणूस दिसत नव्हता, नुसता हात दिसत होता. बाहीची निळी पट्टी झुल्मीराने स्वतः शिवली होती.

आनाक्लेतोला बोलावणं गेलं.

"एवारिस्तो त्या फळांची दारू फार छान करतो गं," तो म्हणाला. "डॉक्टरांनी मला... म्हणून तुला सांगितलं नाही."

"आणि बादली?"

"तूच म्हणतेस ना, तो कॅमेरा चारी बाजूंचं बघतो!"

नेयजीने हळूच गोळ्यांच्या बाटल्या मागे सरकवल्या. पण झुल्मीरा पडद्याकडे बघत होती. "परत लाव."

"जाऊ द्या ना, दोना झुल्मीरा, शेजारी आहेत."

"गप्प बस. सावली बघ त्याची! फिरतेय भिंतीवर!"

अग्निगोल सरकत गेला तशी एवारिस्तोची सावली भिंतीवरून फिरली होती. डोकं कुठे होतं आणि सावली कुठे पडली हे मोजलं की उजेड कुठून आला ते मिळणार होतं. फक्त डोकं पुन्हा त्याच जागी हवं होतं.

वीस वर्षं मानाने 'सेउ एवारिस्तो, तुम्ही' म्हणणारी झुल्मीरा त्याच्या दारावर थाप मारत म्हणाली, "एवारिस्तो, बाहेर ये! चढ कुंपणावर!"

"दिवसाढवळ्या? लोक काय म्हणतील?"

"काल विचारलंस का लोकांना? परात घे!"

भर दुपारी एवारिस्तो कुंपणावर उभा राहिला. आनाक्लेतोने शिडी धरली. नेयजी मोबाइलमध्ये व्हिडिओ थांबवून सूचना देऊ लागली. "मान डावीकडे. अजून. चेहऱ्यावर एवढी लाज नव्हती."

"चेहऱ्याची सावली पडत नाही!" झुल्मीरा खडूने भिंतीवर खुणा करत ओरडली. "हात वर!"

गल्ली जमली होती. कुणीतरी विचारलं, "कसली तालीम चाललीय?"

"चोरीची!" झुल्मीरा म्हणाली. "हलू नकोस रे!"

"गुडघे भरून आले हो!"

"फळं तोडताना बरे होते!"

संध्याकाळी तिने मोजमापं गटाकडे पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: नदीपलीकडच्या गायरानात शोधा. रविवारी झुल्मीरा निघाली. दोन्ही चोरांना तिने पुढे घातलं. दिवसभर ते शेणाचे पो उलटत राहिले आणि ती मागून ओरडत राहिली. सरळ रेषेत चाला, खाली बघा, गप्पा पुरे.

उन्हं कलली तेव्हा एवारिस्तो धापा टाकत आला. "हाच का?"

त्याच्या तळहातावर लिंबाएवढा काळा दगड होता. जळून साय धरल्यासारखा.

"उचललास?" झुल्मीरा किंचाळली. "फोटो न काढता? कुठे होता तो?"

एवारिस्तोने मागे पाहिलं. सगळीकडे सारखंच गवत होतं. "तिकडे... कुठेतरी."

"दिसेल ते उचलायचं! हात आहे की फळं तोडायची आकडी? पुस ते हात, आण इकडे!"

तिने रुमाल पसरला, एवारिस्तोने दगड त्यात ठेवला, आणि झुल्मीरा बोलायची थांबली. ती गवतात खाली बसली. रुमाल तिने दोन्ही हातांनी धरला होता, पाणी सांडू नये तसा.

दोघे पुरुष उभे राहिले. एक गाय येऊन बघून गेली. एवारिस्तोने आनाक्लेतोला कोपराने ढोसलं.

"झुल्मीरा," आनाक्लेतो घाबरून म्हणाला, "अगं, बोल काहीतरी. ओरड तरी."

झुल्मीराने मान वर केली नाही. तिने बाजूच्या गवतावरून हात फिरवून जागा साफ केली, आधी एका अंगाला, मग दुसऱ्या.

"बसा," ती म्हणाली. "तुम्हीही बसा, सेउ एवारिस्तो."