सासरेबुवांच्या ठेवीतला लाल दिवा

सासरेबुवांचा ॲम्प्लिफायर विसाव्या मिनिटाला गप्प झाला, त्याच्या कपाळावर लाल दिवा लागला, आणि जावई ताडकन उठून उभा राहिला.

स्वतःचा असता तर गोष्ट वेगळी. लग्नाला सात वर्षं झाली, तरी सासरेबुवांनी या माणसाच्या हाती कधी टीव्हीचा रिमोटही दिला नव्हता. आता घराला रंग द्यायचा म्हणून पंधरा दिवसांपुरता का होईना, त्यांनी आपला जीव की प्राण त्याच्या हवाली केला होता. वर सूचना होती, "रोज थोडा वेळ वाजवा, जावईबापू. आणि कव्हर अजिबात काढू नका. हिने स्वतःच्या हाताने शिवलंय." कव्हर रजईसारखं गुबगुबीत होतं. समोर बटणं आणि दिवे दिसावेत म्हणून सासूबाईंनी एक खिडकी तेवढी ठेवली होती.

"काय केलंस?" बायकोने विचारलं.

"काही नाही. हात जोडून बटण दाबलं."

"बाबा रविवारी न्यायला येणारेत."

"म्हणूनच हात जोडले होते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वीस मिनिटं गाणं, मग लाल दिवा. बायकोने कव्हर काढून घडी घालून कपाटात ठेवलं, कारण आईच्या कव्हरला दुकानातले डाग नकोत, आणि जावई ॲम्प्लिफायर उराशी धरून मेकॅनिककडे गेला.

"घाबरू नका साहेब, जळला नाही," मेकॅनिक म्हणाला. "जळू नये म्हणून स्वतःच आवाज तोडतो. हा दिवा म्हणजे आतला पहारेकरी. स्पीकरच्या वायरी एकमेकींना चिकटल्या किंवा मशीन फार तापलं, की तो मधे पडतो. घरी हवा लागते ना याला?"

"खिडकीतच ठेवलाय."

दुकानात तो दोन तास खणखणीत वाजला. घरी आला, कव्हर चढलं, आणि वीस मिनिटांत लाल. जावयाने स्पीकरच्या नव्या वायरी आणल्या. लाल. मग घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्यापुढे लावला आणि बायकोसकट स्वतः घामाघूम होऊन बसला. तरी लाल. पुन्हा दुकानात नेला, तर तिथे तीन तास एकदाही अडखळला नाही. माहेरी आल्यासारखा तिथे खुलायचा आणि घरी आला की तोंड फिरवायचा.

शेवटी रविवारी सकाळी मेकॅनिकच घरी आला. दिवा लाल होता आणि समोर पंखा गरगरत होता. त्याने ॲम्प्लिफायर एकदा नीट न्याहाळला.

"साहेब, याला हिवताप आलाय का?"

"म्हणजे?"

"मग ही रजई कशाला?" त्याने कव्हर उचललं आणि जावयाचा हात वरच्या जाळीवर टेकवला. जावयाने तो झटकन मागे घेतला. "गरम हवा इथून बाहेर पडते. तुम्ही तिची वाटच शिवून टाकलीत."

नेमके तेव्हाच, ठरल्या वेळेच्या दोन तास आधी, सासरेबुवा दारात उभे राहिले. त्यांनी उघडा ॲम्प्लिफायर पाहिला, लाल दिवा पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाबा, चूक माझीच," जावई घाईघाईने म्हणाला. "पहिल्या दिवसापासून बंद पडतोय. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

सासरेबुवांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ते मेकॅनिकला विचारत होते, "जळलाय ना?"

"छे! ठणठणीत आहे. फक्त त्याला पांघरूण घालू नका."

सासरेबुवा मटकन खुर्चीत बसले. "सहा महिने!" ते म्हणाले. "सहा महिने माझ्या घशाखाली घास नीट उतरला नाही हो."

"बाबा," लेकीने डोळे बारीक केले, "म्हणजे तिकडेही बंद पडत होता?"

सासरेबुवा आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले. "कव्हर आल्यापासून पडायचा. वाटलं, माझ्याच हातून जळला. तुझ्या आईला सांगितलं, आता या वयात शांतताच बरी वाटते. मग म्हटलं, जावईबापूंकडे ठेवावा. तिथे बिघडला, तर..." पुढचं त्यांनी गिळलं.

सात वर्षांनी एकदम एवढा विश्वास कुठून आला, ते आत्ता जावयाला कळलं. राग यायला हवा होता. पण छातीवरची धोंड उतरल्यामुळे त्याला हसूच आवरेना, आणि त्याला पाहून सासरेबुवाही हसायला लागले.

ॲम्प्लिफायर निवला, दिवा विझला. "लावा," सासरेबुवा म्हणाले, "तुम्हीच लावा." गाणं सुरू झालं. विसाव्या मिनिटाला सगळ्यांनी श्वास रोखले. पंचविसावं गेलं, तिसावं गेलं. सासरेबुवा डोळे मिटून ताल धरून बसले होते.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडे सासूबाई होत्या, आणि त्यांचा आवाज ॲम्प्लिफायरवरच्या गाण्यावर मात करून सगळ्यांना ऐकू आला. "आणताय ना? माझं कव्हर नीट आहे ना त्याच्यावर?"

सासरेबुवांनी खुर्चीवर पडलेल्या कव्हराकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं. फोनवर तळहात ठेवून तो त्यांनी हळूच त्याच्या हातात दिला.

"तुम्हीच सांगा, जावईबापू," ते कुजबुजले. "आता तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."