कोण खपलं?

सबनीसकाका कुणाच्याही घरी गेले की दारातच विचारतात, "काय, कोण खपलं?"

अमेरिकेत पार्सिपनीला नवीन आलो तेव्हा पहिल्यांदा हे ऐकलं आणि माझ्या हातातली ताटली कलंडली. बाकीचे निवांत चिवडा खात होते.

काका पुलांची डिझाइन्स करणारे इंजिनिअर. पन्नाशीचे, एकटे. बोलणं मात्र सगळं स्मशानातलं. बर्फावर गाडी घसरली की "आज आपला फोटोच लागला होता भिंतीवर." भाजी तिखट झाली की "तिरडी मागवा." जाडजूड देशपांड्यांना बघून, "तुला चौघे पुरायचे नाहीत, सहा लागतील." पाच वर्षांच्या मुलीनं केकवरच्या मेणबत्त्या विझवल्या, तर हे म्हणाले, "चला, एक वर्ष कमी झालं." पूर्वी म्हणे मुलं खिदळायची. आता देशपांड्यांची आठवीतली नेहासुद्धा डोळे फिरवून म्हणते, "काका, दॅट्स सो ओल्ड." तरी काका क्षणभर थांबतात, कुणी हसतंय का बघत.

मी पत्रकांच्या घरात वाढलो. वडील हुंड्यापासून दारूपर्यंत कशाहीविरुद्ध एक पान छापायचे आणि चौकात उभं राहून वाटायचे. शब्द असे नासवलेले मला सहन होत नाहीत. तरी मी गप्प होतो. मग एका रविवारी इथल्या मराठी मंडळाची मीटिंग कुलकर्णीकाकूंकडे ठरली. कुलकर्णीकाका जाऊन जेमतेम तीन महिने झाले होते. काकूंनी दार उघडलं आणि सबनीसकाका म्हणाले, "काय, कोण खपलं?"

त्या बाईच्या तोंडावर? काकू नुसतं "ये" म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं: 'मृत्यूची थट्टा बंद करा.' खाली मागणी: सबनीस माफी मागत नाहीत तोवर त्यांना मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला बोलावू नये. लायब्ररीतल्या मशीनवर झेरॉक्स काढल्या आणि पुढच्या पॉटलकला, घरोघरचे डबे आणून जेवायच्या बेताला, सगळ्यांना वाटल्या. सबनीसकाकांनाही एक दिली. त्यांच्यापासून लपवणं मला पटलं नसतं.

कुलकर्णीकाकूंनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"माझ्या वतीनं लिहिलंयस?"

"हो काकू."

"मला विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं.

"हे गेले तेव्हा इथं कोण होतं आमचं? मुलगा कॅलिफोर्नियात, त्याला फ्लाइट मिळेना. फ्युनरल होममध्ये या सबनीसनंच सगळं केलं. ह्यांना आंघोळ घातली, धोतर नेसवलं. दोन दिवस एक अक्षर बोलला नाही. आता सगळे माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलतात. हा नाही बोलत."

"पण ते विनोद, काकू?"

"घाणेरडे आहेत. पंधरा वर्षांत मला एकदाही हसू आलेलं नाही. म्हणून काय घरी येऊ नको म्हणू?"

"माझ्या भावाचंही त्यानेच केलं, यार," देशपांडे म्हणाले आणि त्यांनी पत्रकाची घडी घातली. मग एकेकानं घातली.

सबनीसकाका सिंकपाशी उभे राहून वाचत होते. माझ्याकडे गाडी नव्हती, त्यामुळे परत त्यांच्याच गाडीतून जायचं होतं.

बराच रस्ता गेल्यावर ते म्हणाले, "लिहितोस चांगलं."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"पहिल्यांदा ते काम केलं ना, तेव्हा घरी येऊन तीनदा ओकलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात काहीतरी वात्रट बोललो, लोक हसले. जरा बरं वाटलं. मग तीच सवय लागली." त्यांनी वेग कमी केला. "फ्युनरल होममधली माणसं भली असतात. पण मयताला सूट चढवतात, पायात बूट घालून ठेवतात. बूट काढा म्हणून आपल्यालाच सांगावं लागतं. आपल्यात तसं जात नाहीत."

आता यावर एक घाण विनोद येणार म्हणून मी अंग चोरून बसलो. आला नाही.

"माझ्या वेळी तू सांगशील?"

मृत्यूबद्दल बोलताना त्यांचा आवाज इतका साधा मी कधीच ऐकला नव्हता. त्यानं मी जेवढा हादरलो, तेवढा त्यांच्या कुठल्याच विनोदानं हादरलो नव्हतो.

"सांगेन, काका," मी म्हणालो.