उभारीच्या बोर्डावर रंग चढला, त्याची हकीकत

कलम. बर्फाचे टब दोन. पैकी एक गळका.

कलम. शिवाजी पेठेत मुलाचे नाव बारशाला ठरते. फुटबॉलचा संघ त्याआधीच ठरलेला असतो.

कलम. आंबेहळद, रक्तबोळ, तुरटी. सहाणेवर उगाळावे. पातळ नको.

कलम. पुण्याच्या कंपनीची मेल. उत्तर सोमवारपर्यंत.

कलम. शिडीची तिसरी पायरी.

ऐसी ही पाच कलमे, एकमेकांस अनोळखी. त्यांची गाठ शके एकोणीसशे सत्तेचाळीस, माघमासी, कोल्हापूर मुक्कामी कैसी पडली, ते दोन्ही गल्ल्यांचे म्हणणे ऐकून आणि जेथे गल्ल्या भांडल्या तेथे लेपवाल्या आक्कांचे खरे मानून लिहिले आहे. वाचणाऱ्याने सावध बसावे. कंबर धरली असल्यास टेकून बसावे.

शिवाजी पेठेत दोन गल्ल्यांच्या सरहद्दीवर राजश्री हंबीरराव, माजी मल्ल, यांचे ‘उभारी फिटनेस अँड रिकव्हरी’ नामे ठाणे होते. पुढे वजने, मागे बर्फाचे टब आणि त्यामागे हंबीररावांच्या मातोश्री आक्का यांचा लेपाचा कारखाना. अलीकडच्या गल्लीत वज्रनाद संघ, पलीकडच्या गल्लीत रणशिंग संघ. मैदानात एकमेकांच्या नडग्या फोडाव्या आणि मग दोघांनीही उभारीत येऊन शेजारच्या कॉटवर कण्हत पडावे, ऐसा रिवाज. दोन्ही फौजा बिनतक्रार एका छताखाली येतात, ऐसी जागा पेठेत दुसरी नव्हती.

या ठाण्याचे जुने निशाण फार दाटीचे. त्यात वाघ, वीज, डंबेल, बर्फाची लादी आणि खुद्द हंबीरराव, ऐसे पाच मातबर कोंबले होते; लांबून पाहणाऱ्यास लग्नाचा ग्रुप फोटो वाटे. सबब नवे निशाण करावे ऐसी मसलत ठरली आणि कामगिरीवर कसबा बावड्याच्या संयोगिताबाई नामजाद झाल्या.

संयोगिताबाई पुण्यात चार वर्षे चित्रे काढून नुकत्याच घरी परतल्या होत्या. पुण्याची कंपनी परत बोलावीत होती, आणि बाईंच्या मनात मात्र आपल्या गावात आपले दुकान मांडावे ऐसे होते. त्यांनी मनाशी करार केला, की रविवारी नव्या बोर्डाचे उद्घाटन आहे, तोवर आपला बोर्ड पेठेने ठेवून घेतला तर राहायचे, उतरवला तर सोमवारी बॅग भरायची. हा करार त्यांनी कोणास सांगितला नाही, त्यामुळे नखे मात्र फार खाल्ली.

मग वाटाघाटी जाहल्या. पहिल्या दिवशी वाघ माघारी गेला. दुसऱ्या दिवशी वीज तोडली. बर्फाच्या लादीने दुपारपर्यंत तग धरला. चौथ्या दिवशी गुडघ्यावर हात टेकून उठणारा एक माणूस, केवळ एका रेघेत, ऐसे निशाण सिद्ध जाहले. हंबीररावांनी ते बहुत वेळ न्याहाळले.

“पोरी, ह्येचं डोस्कं कुठं हाय?”

“काका, हा वरचा ठिपका.”

“एवढंसं? मग तर आपल्या पेठेतलाच हाय की,” ऐसे म्हणून त्यांनी मंजुरी फर्मावली.

रंग मात्र बाईंनी एकटीच्या अकलेने निवडला: जांभळा. येथे घात जाहला. बाई बावड्याच्या, फुटबॉल कधी पाहिला नाही. हंबीरराव कुस्तीचे, चेंडूस ते खेळ मानीत नसत आणि गिऱ्हाईक गुडघ्यावरून ओळखीत, जर्सीवरून नव्हे. गुरुवारी जांभळा बोर्ड चढला. जांभळा हा वज्रनादचा रंग. तासाभरात रणशिंगचा गोलकीपर फरहान, दुखऱ्या खांद्याचा हात गळ्यात बांधून, उंबऱ्याबाहेर थबकला.

“काय ओ ताई, आमी ह्येच्या खालनं आत जायाचं? त्यापरास खांदा निखळलेला बरा.”

रणशिंगची सारी जखमी फौज लंगडत माघारी गेली.

बाईंनी तातडीने शुक्रवारी शेंदरी बोर्ड चढवला. शेंदरी रणशिंगचा निघाला; फरहान ऐटीत आत येऊन खांद्यास लेप लावून गेला. आता वज्रनादचा सेंटर फॉरवर्ड गुंडू कॉटवरून एका पायावर उठला आणि लेप लावलेला गुडघा तैसाच घेऊन चालता जाहला. त्यामागे अकरा असामी गेल्या. पिवळा, हिरवा, निळा यांची चौकशी केली, तो प्रत्येक रंगास कोणत्या ना कोणत्या तालमीचा फुटबॉल संघ मालक निघाला. मग शनिवारी बाईंनी डोके लढवून काळा निवडला.

काळा पंचांचा.

त्या क्षणी एकोणीस वर्षांचे वैर विसरून दोन्ही फौजा एक जाहल्या आणि उभारीच्या दारात अशी शिट्टी अन् शिव्यांची सरबत्ती केली, की रस्त्यावरची म्हैस परत फिरली. हंबीररावांनी सर्वांस शांततेचा हुकूम केला, तो कोणी पाळला नाही. संयोगिताबाई डोळे पुसत स्वतः बोर्ड उतरवण्यास शिडीवर चढल्या आणि तिसऱ्या पायरीवरून घसरल्या. घोटा मुरगळला. दंगा जागीच थांबला.

“सरका, सरका! ताईस आत घ्या,” गुंडू ओरडला. एका बगलेत गुंडू, दुसऱ्या बगलेत फरहान, ऐशा लवाजम्यासह बाईंची स्वारी कॉटवर दाखल झाली. आक्कांनी सहाण ओढली, गरम लेप घोट्यावर थापला. बाई रडत होत्या, पुण्याला जाण्याची मनात तयारी करीत होत्या, आणि सहज नजर वळली तो उजवीकडे गुंडूचा गुडघा, डावीकडे फरहानचा खांदा, मध्ये आपला घोटा. तिन्ही एका रंगाचे. तपकिरी म्हणावा तर पिवळा, पिवळा म्हणावा तर मातकट.

“हा रंग कुणाचा आहे?” बाईंनी पुसले.

“लेपाचा? कुणाचाच न्हाय,” फरहान म्हणाला. “हारलेल्याचा.”

“म्हंजे तुमचा,” गुंडू म्हणाला.

“तुजा गुडगा काय जितून आलाय व्हय रं?”

बाईंनी मोबाईल काढून स्वतःच्या घोट्याचा फोटो घेतला, त्यातूनच रंग उचलला आणि प्रिंटिंगवाल्यास रवाना केला.

रविवारी सकाळी लेपाच्या रंगाचा बोर्ड चढला. दोन्ही फौजा समोर येऊन उभ्या राहिल्या. फरहानने बोर्ड पाहिला, मग आपला खांदा पाहिला. गुंडूने गुडघा पाहिला. कोणास काही हरकत सापडेना. मग प्रथम कोणी शिरावे यावरून थोडकी धक्काबुक्की जाहली, तीत दोघे नव्याने जखमी जाहले आणि तेच मानाने प्रथम आत गेले.

येणेप्रमाणे उभारीचे निशाण कायम जाहले. पाच मातबर बडतर्फ, तीन बोर्ड कामी आले, एक घोटा जायबंदी, फत्ते बावडेकरांची. सोमवारी संयोगिताबाईंनी पाय उशीवर ठेवून पुण्यास नकार धाडला.

पहिल्याच दिवशी, वाघाची बोलणी चालू असता, चहाचे कप ठेवताना आक्का म्हणाल्या होत्या, “लेपाचा रंग द्या की.” तेव्हा सगळे लॅपटॉपात बघत होते.